सिद्ध रीळ

कॉम्प्युटरच्या खोलीपुढं जत्रा लोटली होती. आष्ट्याकडच्या या साखर कारखान्यात १९७८ साली ते यंत्र आलं आणि आल्यापासून रुसून बसलं. ऊसतोडीच्या पाळ्या छापायचा प्रोग्रॅम रहिमतपूरच्या आकारामनं लिहिला होता. साताऱ्याच्या यंत्रावर तो झकास चाले. इथं मात्र एकाची पाळी दुसऱ्याच्या शिवारात जाई. फक्त पाटणचे यंत्रमहाराज येऊन अंगारा फुंकत, त्या दिवशी यादी बिनचूक निघे.

"हितली हवा जड हाय," महाराज डोळे मिटून सांगत. "यंत्रालाबी दृष्ट लागती. सातारच्या यंत्राला किल्ल्याचा वारा हाय. हितं कोण हाय? आमीच की."

लोक माना डोलवत. शिकलेसवरलेले साहेब तर जरा जास्तच.

चेअरमन लालासाहेबांनी आकारामला बजावलं होतं, "गव्हाणीत पहिली मोळी पडून गाळप सुरू व्हायच्या आत यादी तुझ्या हातनं निघाली तर ठीक. न्हाईतर तू घरी, म्हाराज पगारी."

आकाराम रात्रंदिवस कागदांत डोकं घालून बसला. प्रोग्रॅम वाचून वाचून डोळे दुखायला लागले, चूक काही सापडेना. शेवटी महाराज आले त्या दिवशी त्यानं कागद बाजूला ठेवून यंत्राकडंच नीट बघितलं. चाकावरचं फितीचं रीळ रोजच्यापेक्षा जाड होतं.

मोळीच्या सकाळी त्यानं गर्दीदेखत ऑपरेटर कृष्णातचं कपाट उघडलं. आत दोन रिळं.

"हा कंपायलर. म्हणजे दुभाष्या," आकाराम म्हणाला. "आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो. बारीक रीळ जुन्या दुभाष्याचं, त्यो मोठ्या गटनंबरातला शेवटचा आकडा गिळतो. जाड रीळ नव्याचं. साताऱ्यात हेच चालतं."

त्यानं जुनं चढवलं. यादीचा नुसता काला. महाराजांना अंगारा टाकायला लावला, तरी काला. मग नवं चढवलं, अंगारा न टाकता. यादी चोख.

कृष्णातनं मान खाली घातली. "म्हाराजच म्हणालेले, मी आल्याबिगर जाड चढवू नगंस."

सुटलो, असं आकारामला वाटलं. कसला सुटतोय! महाराज चटकन जाड रिळाच्या पाया पडले. "बघितलंसा? आमी ह्या रिळातच उतरत हुतो."

झालं. बायकांनी रिळाला हळदकुंकू वाहिलं, लालासाहेबांनी त्याच्यावरच नारळ फोडला. पाणी फितीत मुरलं आणि रीळ कामातनं गेलं.

"साहेब, साताऱ्यासनं दुसरी प्रत आणतो. सांजच्या एसटीनं माघारी येतो," आकाराम काकुळतीला आला.

"अरं, ती नक्कल. तिच्यात द्येव कुठला?" लालासाहेब म्हणाले. "आजची यादी रिळातल्या द्येवानं काढली, तू न्हवं. तू जा आता घरी."

दुसऱ्या दिवसाच्या यादीला कृष्णातनं जुनं रीळ चढवलं, पाळ्या चुकीच्या छापल्या गेल्या आणि गाड्या भलत्याच शिवारात गेल्या. तोडीला आलेला ऊस वाळत उभा राहिला.

बाबांनो, यंत्र चुकलं तर आधी कुठला कंपायलर चढवलाय ते विचारा. रिळावर ओळखीची खूण घाला, एक काढून दुसरं लावून बघा. बुवाचं दुकान बंद पाडायला याहून जास्त अक्कल लागत नाही. पण ती कुणाच्या डोक्यात कशी घालायची, हे मला ठाऊक नाही. आकारामनं सगळं डोळ्यांदेखत करून दाखवलं होतं. लोकांनी ते बघितलं, नमस्कार केला आणि प्रसाद घेऊन घरी गेले.