सात नंबरचा लिंब

अप्पा गेल्यानंतर अठराव्या दिवशी नांदेडच्या प्रयोगशाळेतून फोन आला. सात नंबरच्या सालीत शिसं फारच निघालंय, तेवढं एक पाकीट पुन्हा पाठवा.

लातूरला आमच्या गल्लीमागे जुन्या बॅटऱ्या वितळवणारा कारखाना आहे. आम्ही प्रदूषण कार्यालयात तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा उत्तर आलं, पुरावा नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील मलप्पा, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, झाडांना विचारू. हवेतलं शिसं सालीच्या भेगांत बसतं ते वर्षानुवर्षं तिथंच राहतं. त्यांनी नऊ कडुलिंब कारखान्याभोवतीचे निवडले आणि दहावा, तुलनेसाठी, आमच्या चाकूरच्या शेतातला. प्रत्येकाची छातीच्या उंचीवरची, कारखान्याकडच्या अंगाची साल खरवडून नंबर टाकलेल्या कागदी पाकिटांत भरली. पाकिटं पोस्टात टाकून दोन दिवस झाले आणि त्यांना झटका आला.

शेतातल्या लिंबाच्या किलोभर सालीत बारा मिलिग्रॅम शिसं होतं. कारखान्याभोवतीच्या आठ झाडांत साठ ते नव्वद. सात नंबरमध्ये चारशे दहा.

"हा आकडा बघून साहेब खुर्चीतून उठंल बघा, ताई," शेजारचे आनंदराज म्हणाले. त्यांच्या घराची एक खिडकी कारखान्याकडं आहे. सहा वर्षं ती उघडलेली नाही.

सात नंबरच्या झाडाखाली केवळाबाईंचं चहाचं दुकान आहे. मी चाकू काढला तशा त्या म्हणाल्या, "कुणाची गं तू?"

"मलप्पा सरांची मुलगी. सर गेले."

"गेला व्हय म्हातारा. मला वाटलं, रुसला. साखर लई टाकती म्हणून रोज भांडायचा." त्यांनी न विचारता कप भरला. "अन् तू त्याच अंगानं काय खरवडून राहिली? देवाची जागा हाय ती."

"कुठला देव?"

"मारुती. रस्ता रुंद झाला तवा पलीकडं नेला. आधी हितंच व्हता, बुंध्याला टेकून. दर शनिवारी मी शेंदूर लावायची. देवाला लावून उरला की झाडाला. बारा वर्सं. पुढं पावसानं धुतला."

"अप्पांना सांगितलं नाही?"

"मास्तरला काय सांगायचं? झाडाचं समदं मला ठावं हाय म्हणायचा की."

शेंदूर शिशापासूनच करतात. हे अप्पांनीच मला नववीत शिकवलं होतं. मी चाकूच्या टोकानं एक भेग उकरली. आत नारिंगी होतं. साल न घेता मी चहा प्यायले. साखर खरंच जास्त होती.

आनंदराजांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही तिकडं गेलाच न्हाई असं समजा. सरांनी दिलंय तेच देऊ. सात काढलं तर दम काय राहतो त्यात?"

"आठ झाडं राहतात. शेतातल्यापेक्षा पाचपट तरी आहेत."

"पाचपट अन् चौतीसपट, फरक हाय का न्हाई?" ते पुढं म्हणाले, "आन् माती देऊन महिना झाला न्हाई. बापाची चूक काढायची एवढी काय घाई?"

पण कारखान्याच्या माणसानं केवळाबाईंकडं एक कप चहा घेतला असता, तरी बाकीची आठ झाडंही खोटी ठरली असती. आणि मग त्या चुकीपुढं नाव अप्पांचंच राहिलं असतं.

मी नव्या तक्रारअर्जाच्या तक्त्यातली सात नंबरची ओळ काढली. बाकीचे क्रमांक बदलले नाहीत. चौथ्या पानावर शेंदराचं सविस्तर लिहिलं आणि त्याखाली माझी सही केली.

सोमवारी आनंदराज आले नाहीत. मी एकटीच प्रदूषण कार्यालयात गेले. कारकुनानं शिक्का मारता मारता तक्त्यावर बोट ठेवलं.

"सहानंतर एकदम आठ? एक गाळलात, मॅडम."

"गाळलेला नाही. काढलाय. का ते चौथ्या पानावर आहे."

त्यानं शिक्का बाजूला ठेवला आणि चौथं पान उघडलं.