वरच्या खोलीतली टकटक

मित्रांनो, माणसाला माणूस म्हणून उभं करतो तो मी! डोकं काय, ते नुसतं वर बसलेलं असतं. मी एक जुना उजवा गुडघा आहे. हल्ली मात्र माणसाला उभं करायचं म्हणजे मलाच आधी खुर्चीचे हात, टेबलाची कड आणि एक "आई गं" लागतं.

माझ्या बाई शिवणकाम करत. वर्षानुवर्षं मी मशीनचं पायडल मारलं. गिऱ्हाइकं म्हणत, "बाईंच्या हातात जादू आहे." हातात! असो.

बाईंचे यजमान वरच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करत. चहाची तल्लफ आली की ते जमिनीवर काठी आपटत. टकटक. "आले हो," म्हणत बाई जिना चढत. पुढे मी, मागे डावा, सगळ्यांच्या वर चहा.

यजमान त्याच खोलीत वारले. त्यानंतर बाई कधी वर गेल्या नाहीत. "गुडघा चढू देत नाही," असं सगळ्यांना सांगत. खरं सांगू? तेव्हा मी ठणठणीत होतो. जिन्याच्या वळणावरून त्याच मागे फिरल्या होत्या. पुढे मी खरोखरच झिजलो आणि त्यांचं सांगणं खरं झालं.

टकटक मात्र थांबली नाही. ती आली की मी आतून आखडायचो. बाई "आले हो" म्हणायच्या, पण उठायच्या नाहीत.

"आई, कोणाला म्हणालीस?" मुलगी विचारायची.

"गुडघ्याला."

शेवटी मुलीने आम्हाला डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे बघून ते म्हणाले, "गुडघा बदलण्याजोगा झालाय. पण कधी, ते तुम्ही ठरवा. याच्यापायी कुठं जायचं अडलंय का?"

"छे," बाई म्हणाल्या आणि उगाचच छताकडे बघू लागल्या.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "ऑपरेशन नको ना? मग वरची खोली भाड्याने देऊ या. रिकामीच तर आहे."

टकटक.

मुलगी भाड्याचंच बोलत राहिली. तिला काही ऐकू आलं नव्हतं.

"रिकामी?" बाईंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "डॉक्टरांना फोन लाव. तारीख घे."

"अगं, एवढी कसली घाई?"

"किती ताटकळत ठेवायचं माणसाला?"

उद्या मी जाणार. मित्रांनो, गुडघ्यांना जपा. आणि जिथं जायचं असेल तिथं आम्ही धड आहोत तोवर जाऊन या. आमचं नाव सांगून खाली बसून राहू नका.

माझी एवढीच विनंती आहे. नव्या गुडघ्याला कोणीतरी सांगून ठेवा, जिन्याच्या वळणावरची पायरी हलते. चहा सांडतो.