श्रीपादरावांची हातोडी आणि न वाजणारं चाक

देश १९९१ साली खुला झाला म्हणतात. उज्जैनला ती गाडी सोळा वर्षं लेट पोचली आणि टावर चौकात थांबली. तिथल्या एका दुकानात चीनहून आलेल्या विजेच्या दुचाक्या ओळीनं उभ्या राहिल्या. लायसन नको, नंबर नको, पेट्रोल नको, आणि पसंत न पडल्यास पंधरा दिवसांत परत. विजयाबाईंनी 'लायसन नको' एवढंच ऐकलं आणि एक निळी गाडी निवडली.

त्यांच्या यजमानांनी, श्रीपादरावांनी, पंधरा दिवसांचं ऐकलं.

श्रीपादराव रेल्वेत डबे तपासायचे. चौतीस वर्षं त्यांचं काम एकच. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकाचाकावर टोला मारत जायचं. चांगलं चाक 'टण्ण' म्हणतं, तडा गेलेलं 'थड' म्हणतं. 'थड' म्हणालेल्या डब्यावर खडूनं 'सिक' लिहायचं, म्हणजे डबा आजारी. मग तपासणाऱ्यानं 'फिट' लिहिल्याशिवाय तो डबा रेल्वेमंत्री आले तरी हलत नाही. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांना शाल दिली. हातोडी परत करायची त्यांच्याकडून राहून गेली.

घरात ती देवघराशेजारच्या खुंटीला असे, आणि घरातली बरीचशी यंत्रं तिच्या हाताखालून गेलेली होती. मिक्सर एकदा चार महिने सिक होता. त्यावरचा खडू पुसावा असं कुणाच्याही मनात आलं नाही. चार महिने चटणी पाट्यावर झाली.

विजयाबाईंना गाडी हवी होती ती भैरवगढसाठी. त्यांची मैत्रीण सुलू तिथल्या एका कारखान्यात लाकडी ठशांनी चादरी छापायला शिकत होती, आठवड्यातून तीन सकाळी, आणि तिनं शेजारची जागा यांच्यासाठी धरून ठेवली होती. एकतीस वर्षं विजयाबाई जिथे गेल्या तिथे श्रीपादरावांच्या स्कूटरवर मागे बसून गेल्या. श्रीपादरावांना जिथे काम नसे तिथे त्या गेल्या नाहीत. भैरवगढला श्रीपादरावांना काहीच काम नव्हतं.

पहिल्या दिवशी विजयाबाई एकट्या गेल्या आणि रंगानं लाल झालेला अंगठा घेऊन परत आल्या. तो अंगठा त्यांनी जेवतानासुद्धा धड धुतला नाही. जेवणानंतर श्रीपादरावांनी हातोडी काढली. या गाडीची मोटर मागच्या चाकाच्या मधोमध, एका गोल डब्यात असते. त्या डब्यावर त्यांनी टोला मारला.

थड.

"विजया, हे चाक फुटलेलं आहे."

"अहो, रबराचं टायर आहे. ते काय वाजणार?"

"रबरावर नाही मारलं. मध्ये मारलं. ऐक." थड.

"अ‍ॅल्युमिनियम आहे ते. पातेल्यावर मारून बघा, तेही असंच म्हणेल."

"म्हणूनच मी पातेल्यात बसून भैरवगढला जात नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तपासणी होऊ लागली. चार बाजूंना चार टोले. चाक वाजेना, तेव्हा श्रीपादरावांनी थोडा जोर वाढवला. चौतीस वर्षांचा अनुभव असा होता की चांगल्या वस्तूला नीट विचारलं तर ती उत्तर देते.

सहाव्या दिवशी गाडीनं उत्तर दिलं. चालू केल्यावर आधी नुसतं गुणगुणायची, ती आता 'कर्र... कट, कर्र... कट' करू लागली. श्रीपादरावांचा चेहरा उजळला. रोग असल्याचं ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. त्यांनी खात्रीसाठी आणखी चार टोले मारले. आठव्या दिवशी सीटवर पांढऱ्या खडूत 'सिक' आलं, खाली तारीख आणि सही.

अकराव्या दिवशी सुलूचा फोन आला. "विजू, येतेस का नाही? मास्टरजी म्हणतात, सोमवारपर्यंत आली नाही तो दुसऱ्या बाईला बसवतो. मी उगंच किती दिवस पिशवी ठेवून जागा रोकू?"

विजयाबाईंनी फोन ठेवला. शनिवारी, म्हणजे चौदाव्या दिवशी, श्रीपादरावांनी दुकानाची पावती शोधून टेबलावर ठेवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "द्यायची तर द्या परत. मी एक अक्षर बोलणार नाही. पण आधी भय्यासाहेबांना दाखवू. दुखणं जन्मजात असेल तर गाडी दुकानात. नसेल तर तुम्ही 'फिट' लिहायचं."

"माझा निकाल झालेला आहे."

"मग भिता कशाला?"

भय्यासाहेब देवास गेटला पंखे आणि पंप यांच्या मोटरी बांधून देत. त्यांचे पूर्वज सरदारांच्या पदरी नगारखान्यात होते, त्यामुळे आवाजातलं आपल्याला उपजतच कळतं, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला पंख्याच्या आधी सांगत. सिक डबा स्वतःच्या बळावर चालत नाही, या नियमानं श्रीपादरावांनी गाडी घरापासून देवास गेटपर्यंत ढकलत नेली. हँडलला पिशवी होती. पिशवीत हातोडी होती.

"या वहिनी. या श्रीपादराव. काय, पेट्रोल संपलं?"

"ही विजेची आहे," श्रीपादराव धापा टाकत म्हणाले.

"मग लाईट गेली असेल."

भय्यासाहेबांनी गाडी स्टँडवर घेतली, लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक चाकाच्या दांडीला लावलं आणि मूठ कानाला. "चुप. दोघंही." चाक फिरलं. कर्र... कट. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. शेजारच्या पानवाल्यानंही रेडिओ बारीक केला.

"जन्माचं दुखणं नाही," ते म्हणाले. "ही पडलेली आहे."

"मी पाडली नाही," विजयाबाई ताबडतोब म्हणाल्या.

"मग कुणी मारलंय. खोलतो."

चाक निघालं, झाकण निघालं. आत कड्याला लोहचुंबकाच्या पट्ट्या गोलाकार चिकटवलेल्या होत्या. त्यातल्या दोन निसटून घासत होत्या. भय्यासाहेबांनी चाक उलटं करून बाहेरून अंगठा फिरवला. "हे बघा खड्डे. एक, दो, तीन, चार. बराबर अंतरावर. कोण्या शिकलेल्या माणसाचं काम आहे हे. ऐऱ्यागैऱ्याचं नाही."

खड्डे नीट दिसावेत म्हणून श्रीपादराव वाकले. हँडलवरून काढून त्यांनी हातात घेतलेली पिशवीही वाकली, आणि उघड्या चुंबकानं पिशवीच्या तोंडातून हातोडी ओढून घेतली.

टण्ण.

"वाजलं," विजयाबाई म्हणाल्या.

भय्यासाहेबांनी दोन्ही पाय लावून हातोडी सोडवली. तिचं तोंड पहिल्या खड्ड्यात ठेवून बघितलं. मग दुसऱ्या. ते अगदी बसत होतं. नगारखान्यातल्या घराण्याला साजेल इतपत त्यांनी आवाज खाली आणला. "श्रीपादराव, तुम्ही याला रोज मारत होते?"

"तपासत होतो."

"डॉक्टरनं रोज पेशंटच्या बरगडीवर मुक्का मारायचा आणि म्हणायचं, 'दुखतंय ना? म्हटलं होतं मी!'"

"उद्या पंधरावा दिवस आहे," श्रीपादरावांनी शेवटचा मुद्दा काढला. "दुकानदार परत घेईल."

"ठोकलेली? चार खड्ड्यांसकट? अहो, तो तुम्हाला पाणीसुद्धा विचारणार नाही. आता ही गाडी वहिनींचीच. तुम्हीच पक्की केली." आणि त्यांनी दोन नळ्यांतला गोंद कालवायला घेतला. "रातभर वाळू द्या. पट्ट्या बसतील."

सोमवारी सकाळी अंगणात गाडी चालू केली, तेव्हा ती पहिल्या दिवसासारखी नुसती गुणगुणली. श्रीपादरावांनी तीन प्रदक्षिणा घातल्या. हात दोन वेळा सवयीनं उजवीकडे गेला आणि परत आला. मग त्यांनी सीटवरचं 'सिक' खोडून 'फिट' लिहिलं, तारीख घातली, सही केली. ठरलं म्हणजे ठरलं. नियमाचा माणूस.

विजयाबाईंनी त्यांच्या हातून खडू घेतला. आत गेल्या, खुंटीवरची हातोडी खाली काढली, तिच्या दांड्यावर 'सिक' लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि परत टांगली.

श्रीपादरावांनी चष्मा लावून वाचलं. तारीख बरोबर होती. सही वाचता येत होती.

"कारण लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"आवाज करते."

"मग फिट कधी करणार?"

"तपास चालू आहे," विजयाबाई पदर खोचत म्हणाल्या. "पोळ्या डब्यात आहेत." आणि 'फिट' या अक्षरांवर बसून त्या भैरवगढच्या दिशेनं निघाल्या.

श्रीपादराव फाटकाशी उभे राहून, गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत, कान देऊन ऐकत होते. आवाज ठीक वाटला. पण खात्री करायला हातात काही नव्हतं.