साठावा गुण

अणुभट्टी चालवणाऱ्याला परवाना देण्याआधी त्याची जी लेखी परीक्षा घेतात, तिचे प्रश्न काढणं हे बाईंचं काम होतं. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. एक बरोबर, आणि बाकीचे तीन असे की अर्धवट अभ्यास करून आलेला माणूस हमखास त्यांच्यात अडकावा. वर्षानुवर्षं हेच करून बाईंना सरळ विचारणंच जमेनासं झालं होतं. सकाळी उठल्यावर त्या बाबांना म्हणायच्या, "चहा, कॉफी, दूध, की यांपैकी काहीच नाही?" बाबा म्हणायचे, "आधी वेळ लावून दे, मग उत्तर देतो." भट्टीवरच्या पोरांनी त्यांचं नाव ‘चार पर्याय’ ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं.

परीक्षा झाली की उत्तरसूची उमेदवारांपुढे ठेवतात आणि हरकती मागवतात. हरकतीत तथ्य निघालं तर तीन वाटा असतात. उत्तर बदलायचं, दोन उत्तरं ग्राह्य धरायची, नाहीतर प्रश्नच काढून टाकायचा. बाईंच्या हाताखालच्या तरुण परीक्षकाला ही शेवटची वाट फार प्रिय. कुणी प्रश्नाकडे बघून नुसतं नाक मुरडलं तरी तो म्हणे, "उडवून टाकू या." म्हणून ऑफिसात त्याला कात्री म्हणत. बाईंचा जीव मात्र हरकतींत रमायचा. हुशार माणूस चुकीच्या उत्तरापर्यंत नेमका कुठल्या वाटेनं पोचला हे हुडकून काढण्यात त्यांना जी मजा येई, ती बरोबर उत्तरात कधी आली नव्हती.

या खेपेला हरकत एकच आली. ती हातात घेऊन कात्री बाईंच्या टेबलापाशी आला.

"मॅडम, हा माणूस डोक्यावर पडलाय का? एक्केचाळिसाव्या प्रश्नावर हरकत घेतलीय. म्हणतो, ‘अ’ चूक आहे, ‘क’ बरोबर."

"त्याने ‘क’ लिहिलं असेल. सगळे असंच म्हणतात."

"त्याने ‘अ’ लिहिलंय!" कात्रीने उत्तरपत्रिका पुढे केली. "त्याला गुण मिळालाय, आणि तोच म्हणतोय देऊ नका. बरं, गुण भरपूर असते तर एक वेळ समजलं असतं. पास व्हायला साठ लागतात, याला साठच आहेत. हरकत मान्य केली की एकोणसाठ. आणि दुसऱ्यांदा बसलाय. आता गेला तर एकच संधी उरते, तीही गेली की जन्मभर फेऱ्या मारत व्हॉल्व्ह फिरवायचे."

"मोजायला चुकला असेल."

"पंचाहत्तर प्रश्न आहेत मॅडम. पोरंसुद्धा मोजतील."

बाईंनी उत्तरपत्रिका पाहिली, हरकत पाहिली, पुन्हा उत्तरपत्रिका पाहिली. इतक्या वर्षांत गुण परत करायला आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना आतून गुदगुल्या झाल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी जरा रागही आला, कारण एक्केचाळिसावा प्रश्न त्यांचा लाडका होता.

प्रश्न असा होता. भट्टीच्या भांड्यात पाणी किती आहे हे डोळ्यांनी बघता येत नाही. म्हणून भांड्यापासून बोटाएवढ्या जाड दोन नळ्या खाली आणलेल्या असतात. एक वरून निघते आणि कायम पाण्यानं भरलेली असते. दुसरी खालून निघते, तिच्यावर भांड्यातल्या पाण्याचा भार असतो. दोघींच्या दाबातला फरक पाहून नियंत्रण कक्षातला काटा पातळी सांगतो; फरक जितका कमी, तितकं पाणी जास्त. आता या नळ्या जिथून जातात त्या खोलीत वाफ गळली आणि खोली तापली, तर काटा काय दाखवेल? भरलेल्या नळीतलं पाणी तापून हलकं होतं, फरक कमी होतो, आणि भांड्यात आहे त्याहून जास्त पाणी आहे असं काट्याला वाटतं. म्हणजे उत्तर ‘अ’, काटा जास्त दाखवेल. प्रशिक्षण वर्गात हे घोकून घेतात. खोली तापली की काटा फुशारक्या मारतो, हे प्रत्येकाला पाठ असतं.

हरकतीत दोनच ओळी होत्या. ‘प्रश्नात दिलेल्या खोलीत दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी उतरतात. उष्णता दोघींना सारखीच लागेल. काट्यात फरक पडणार नाही, म्हणजे उत्तर ‘क’.’

रविवारी सकाळी बाईंनी बाबांच्या माशांच्या टाकीतलं पाणी उपसायची पारदर्शक नळी काढली, तिच्यात शाई घातलेलं पाणी भरलं आणि ती खुर्चीच्या पाठीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बांधली.

"माझ्या माशांची नळी आहे ती!" बाबा ओरडले. "शाई कसली घालतेस? उद्या मासे निळे होतील."

"धुऊन देते बाबा. हे फडकं त्या गरम पाण्यात बुडवून द्या बघू."

गरम फडकं एका बाजूला गुंडाळलं तेव्हा त्या बाजूचं पाणी हळूहळू अर्धं बोट वर चढलं. मग दुसऱ्या बाजूलाही तसंच फडकं गुंडाळलं. थोड्या वेळात दोन्ही बाजू पुन्हा एका रेषेत आल्या. बाई गुडघ्यांवर बसून बघत राहिल्या. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांदेखत पाणी खाली येताना बघणं वेगळं.

"म्हणजे तो पोरगा बरोबर?" बाबांनी विचारलं. हरकतीची कथा त्यांनी जेवताना ऐकली होती.

"नळ्या खरंच शेजारी-शेजारी असतील तर."

"आणि नसतील तर?"

"तर मी बरोबर."

"तुला काय हवंय?" बाबा म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता फडकी पिळायला लागले.

नकाशा काढून पाहिला, पण नकाशात दोन्ही नळ्या कागदाच्या दोन टोकांना होत्या. कागदावर जागा होती म्हणून काढणाऱ्याने ऐसपैस काढल्या होत्या. त्या किती खाली उतरतात हे काही त्यातून कळेना. बाईंनी भट्टीला फोन केला आणि दोन दिवसांनी स्वतःच जाऊन थडकल्या.

खोली दाखवायला हरकत घेणारा उमेदवारच आला. चाळिशीचा, उंच, दारातून जाताना सवयीने मान वाकवणारा माणूस. दोघांनी अंगावर झगे चढवले, बुटांवर पिवळी आवरणं ओढली, छातीला बॅज लावले. खोलीत शिरल्यावर त्याने फक्त टॉर्च वर केला.

दोन्ही नळ्या छताजवळच्या एकाच भोकातून आत आल्या होत्या. सख्ख्या बहिणींसारख्या एकमेकींना खेटून भिंतीवरून उतरल्या होत्या आणि जमिनीजवळच्या एकाच भोकातून बाहेर गेल्या होत्या. बाईंनी टेप लावला. दोघींचा उतार सारखा होता. त्यांनी पुन्हा टेप लावला. मग त्या टेप हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या, कारण त्यांना आता सगळं आठवलं होतं. हा प्रश्न त्यांनी दुसऱ्याच भट्टीसाठी काढला होता. तिथे एक नळी छतातून येत होती आणि दुसरी पार जमिनीलगत. तिथे ‘अ’ बरोबरच होतं. प्रश्न इतका झकास जमला होता की त्यांनी खोलीचा क्रमांक तेवढा बदलला आणि तो इथे आणला. भिंत बघायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"तुम्ही ‘अ’ का लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"वर्गात तेच शिकवलंय. तुम्हाला तेच हवं असणार हे कळत होतं." तो ओशाळला. "या खोलीत मी सहा वर्षं येतोय मॅडम. नळ्या रोज दिसायच्या, पण कधी बघितल्याच नाहीत. परीक्षेनंतरच्या फेरीला आलो आणि तुमचा प्रश्न डोक्यात होता, म्हणून टॉर्च वर गेला."

"गुण मोजलेत?"

"मोजले. साठ. घरी पेढे आणायचं चाललं होतं." त्याने टॉर्च खाली केला. "बायकोला सांगितलं हरकत घेतोय, तर ती म्हणाली, लोक एक-एक गुणासाठी भांडतात आणि तुम्ही हातचा सोडताय. चार दिवस बोलली नाही. मीपण शेवटच्या दिवसापर्यंत कागद खिशातच ठेवला होता."

"मग दिलात का?"

"उद्या मी काट्यासमोर बसणार. ही खोली तापणार. काटा खरं सांगत असणार आणि शेजारचा म्हणणार, हा फुशारक्या मारतोय, पाणी कमी आहे, सोड आणखी. भरलेल्या भांड्यात आम्ही पाणी सोडणार. आणि मला माहीत असणार की ते त्याला कुणी शिकवलं, आणि माझा साठावा गुण कुठून आला." त्याने टॉर्च बंद केला. "मी काही फार थोर वगैरे नाही मॅडम. मला नुसती झोप येईना."

परत आल्यावर कात्री म्हणाला, "उडवून टाकू या प्रश्न."

"उडवला तरी तो पडतो. एकोणसाठ, चौऱ्याहत्तरपैकी. ऐंशी टक्के भरत नाहीत."

"मग दोन्ही उत्तरं ग्राह्य धरा. प्रश्न संदिग्ध होता म्हणायचं. उत्तरसूचीत ‘क’ही येईल, तोही पास होईल. कुणाच्या पोटात दुखणार नाही."

बाईंना हे इतकं पटलं की त्या लगेच कामाला लागल्या. दुपारभर त्यांनी स्वतःच्या प्रश्नात खोट शोधली. शब्द न शब्द उलटापालटा करून पाहिला. कोणती खोली? लिहिलेली होती. कोणता काटा? लिहिलेला होता. गळती केवढी, तापमान किती, सगळं जिथल्या तिथे. जन्मभर त्यांनी असे प्रश्न काढायची धडपड केली होती की त्यांचे दोन अर्थ निघू नयेत, आणि आज पहिल्यांदाच एखादा पळवाटेएवढा दोष राहिला असता तर त्यांनी देवाचे आभार मानले असते. प्रश्न स्वच्छ होता. उत्तर तेवढं चुकलं होतं. एकाच वेळी काटा खरंही सांगेल आणि खोटंही सांगेल अशा कागदावर सही करायला त्यांचा हात उठेना. त्यांना त्या माणसाबद्दल फार वाईट वाटत होतं, स्वतःचा संताप येत होता, आणि या दोन्हींच्या खाली कुठेतरी, लाज वाटली तरी खरं आहे ते, त्या नळ्या बघायला मिळाल्याचा आनंदही होता.

त्यांनी ‘अ’ खोडून ‘क’ लिहिलं.

असा निकाल पत्राने कळवतात. बाई स्वतः गेल्या. प्रशिक्षण केंद्राच्या रिकाम्या वर्गात तो त्यांच्यासमोर बाकावर बसला, गुडघे बाकात मावत नव्हते म्हणून तिरका.

"हरकत मान्य झाली," बाई म्हणाल्या. "चूक माझी होती. तसं मी लिहून दिलंय. वर्गात आता नवीन शिकवतील, काट्याखाली तशी सूचनेची पट्टीही लागेल." मग त्यांनी निकालाचं पत्र बाकावर ठेवलं. "तुमचे एकोणसाठ झाले."

त्याने बाकावरच्या एका ओरखड्यावरून नख फिरवलं.

"म्हणजे नळ्यांचं बरोबर होतं," तो म्हणाला.

"अगदी बरोबर होतं."

"हं." त्याने मान हलवली. "हिला सांगायला हवं."

आयुष्यभर दुसऱ्यांना चार-चार पर्याय देणाऱ्या बाईंपाशी या घडीला एकही नव्हता. काहीतरी हलकं बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या, "पुढच्या परीक्षेला हा प्रश्न मी घालणार नाही. तेवढं तरी सुटलात."

त्याने चटकन वर पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तरी तो खरोखरच दुखावल्यासारखा म्हणाला, "का हो? आता तर येतो मला."