गोंड्याचे केस

तिने चिमट्याने एक केस उचलला, दिव्याखाली धरला आणि पाकिटात परत टाकला. दुसरा घेतला. तोही तसाच. शेपटीच्या गोंड्यातला केस उपटला की त्याच्या टोकाला मुळाचा पांढुरका ठिपका येतो. तपासायचा डीएनए त्या ठिपक्यातच असतो. इथे ठिपका नव्हता. टोक सरळ, स्वच्छ, कात्रीने कापलेलं. दादाने पाठवलेल्या सगळ्या पाकिटांची तीच गत होती.

“धन्य आहे,” ती स्वतःशीच म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकली. चिडायलाही अंगात त्राण लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं. निवृत्ती तोंडावर आली होती, आणि तिच्या मते आयुष्यातलं एकच काम धड व्हायचं राहिलं होतं.

दुपारी बैठक झाली. गाईंच्या जुन्या जातींमध्ये किती आनुवंशिक विविधता उरली आहे, हे पाच देशांनी मिळून तपासायला घेतलं होतं. संगणकाच्या पडद्यावर पाच चौकटी उघडल्या. समन्वयकांच्या देशात नुकतं उजाडत होतं. झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून ते बसले होते आणि जांभई लपवण्याचे त्यांचे प्रयत्न सगळ्यांना दिसत होते.

“तुमच्या डोंगरातल्या गाईंचा रकाना अजून कोराच आहे,” ते म्हणाले. “या महिन्यात नमुने आले नाहीत, तर त्यांना खालच्या खोऱ्यातल्या जातीतच धरावं लागेल.”

“येतील,” ती म्हणाली. “मी स्वतः जाते.”

आपल्या गाई वेगळ्या आहेत, हे बाबांचं पालुपद होतं. शेवटच्या आजारपणातही ते हेच बोलत होते. त्या एका वाक्यावर तिने संशोधन केलं, परिषदा गाजवल्या. आता त्या जातीचा एकच मोठा कळप उरला होता, तो दादाच्या गोठ्यात. जात वेगळी ठरली तर प्रकल्पाच्या संवर्धन योजनेतून मदत मिळेल, कळप टिकेल. आपण दादासाठीच एवढ्या खस्ता खातोय, अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

वहिनी फाटकातच भेटली.

“या वन्सं. मला वाटलं, माणसांची आठवण आली. गाईंची आली होय.”

“तुमचीसुद्धा आली.”

“राहू द्या. तुमचे दादा गोठ्यात आहेत, दुसरीकडे कुठे असणार? लेकीने शहरात आमच्यासाठी खोली कधीची तयार ठेवलीय. तिथली धूळसुद्धा तीच बिचारी पुसते.”

गोठ्यात दादा खाली बसून एका गाईचा खूर बघत होता. तिला पाहून उठला, पण एका दमात नाही. आधी गुडघ्यावर हात, मग भिंतीवर, मग गाईच्या पाठीवर.

“कात्रीने कापलेस होय रे? मुळासकट उपटायचे म्हणून सांगितलं होतं ना मी?”

“दुखतं त्यांना.”

“मुंगी चावल्याएवढं.”

“तुझे उपटून बघितलेत कुणी?”

तिला हसू आलं. दादा हसला नाही. तिने हातमोजे चढवले, करडी गाईच्या गोंड्यातले चार केस बोटाला गुंडाळले आणि हिसका दिला. करडीने नुसता कान हलवला. दादाने मात्र तोंड फिरवलं.

“सांगितलं होतंस तू,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “दोनदा. मला चांगलं ठाऊक होतं.”

“मग?”

“वेगळ्या निघाल्या तर काय होईल?”

“मदत मिळेल. कळप इथेच राहील, आहे तसा.”

“आणि मी?”

तिच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं.

“बाबांनी तुला शाळा दिली, मला गाई,” दादा म्हणाला. “माझी तक्रार नाही. पण आता पाठ साथ देत नाही गं. खालचा गोठेवाला सगळ्या घ्यायला तयार आहे. चारचौघींसारख्याच निघाल्या असत्या, तर त्याच्या हातात दोर देताना मला काही वाटलं नसतं. म्हणून कापले.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परदेशातल्या सभागृहांमध्ये तिने या गाईंची छायाचित्रं कितीदा दाखवली होती. त्यांचं शेण कोण काढतं, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं.

“नको घेऊ का मग नमुने?”

 दादाने पुढच्या गाईला खांदा लावून बाजूला सरकवलं आणि तिची शेपूट स्वतःच धरली.

“घे. एवढ्या लांबून आलीस. पण निकाल तू सांग, तुझ्या साहेबांच्या कागदातलं मला काही कळणार नाही. आणि खरं सांग. खोटं बोलायचं असलं की तू फार घाईने बोलतेस. साय कुणी खाल्ली म्हणून आई विचारायची, तर तिचा प्रश्न संपायच्या आत तुझं आपलं ‘मी नाही’. मग हळूच माझ्यापाशी येऊन, दादा, बाबांना सांगू नकोस.”

आता तोही हसला. पाकिटं भरेपर्यंत त्याने एकेक शेपूट धरून दिली.

निकाल यायला पावसाळा उलटून गेला. पडद्यावर पाच देशांतल्या गाई रंगीत ठिपके होऊन पसरल्या होत्या. एकमेकींच्या जवळच्या जाती दाटीवाटीने बसल्या होत्या. तिचे निळे ठिपके पार कोपऱ्यात, सगळ्यांवर रुसल्यासारखे.

“इतकी वेगळी जात या प्रकल्पात दुसरी नाही,” समन्वयक म्हणाले. “अभिनंदन!” चौकटींमधून टाळ्या वाजल्या, जरा मागेपुढे.

“मालकाला जमत नसेल, तर कळप दुसरीकडे हलवून सांभाळता येईल का?” तिने विचारलं.

“मदत जागेवरच सांभाळणाऱ्याला मिळते. प्रस्ताव द्या, पुढच्या वर्षी विचार करू.”

पुढच्या वर्षापर्यंत दादाची पाठ थांबणार नव्हती. बाबा खरे ठरले होते, आणि तिला त्याचा आनंद होईना. तिने फोन लावला. दादाने लगेच उचलला.

“काय निघालं?”

उत्तर जिभेच्या टोकावर तयार होतं. ते तिने तिथेच अडवलं. पेल्यातलं पाणी प्यायली, पेला खाली ठेवला, त्यावर झाकण ठेवलं.

“काही खास नाही रे दादा,” ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली. “खालच्या खोऱ्यातल्यासारख्याच आहेत. बाबांना आपलं उगाच वाटायचं.”

पलीकडे साखळीचा आवाज झाला. “काय म्हणताहेत वन्सं?” असं वहिनीने विचारलेलं ऐकू आलं.

“आज अगदी सावकाश बोललीस,” दादा म्हणाला.

तिने डोळे मिटून घेतले.

“बरं,” तो म्हणाला. “उद्या बोलावतो गोठेवाल्याला.”

फोन ठेवेल असं तिला वाटलं. त्याने ठेवला नाही. मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला,

“बाबांना सांगू नकोस.”