मेलेल्या मामाचा पिक्चर

बायका कापूस वेचायला मजुरीसाठी जातात हे अर्धंच खरं. मुकुटबनच्या आमच्या टोळीतल्या बाया पिक्चरसाठीही यायच्या. विमलताईंच्या वावरात कपाशीच्या ओळीचा तास धरला, की मी एखादा जुना हसवणारा पिक्चर सांगायला घ्यायची. सांगणारीचे हात मागे पडतात आणि मजुरी तर किलोवर. म्हणून ऐकणारीनं मूठभर कापूस सांगणारीच्या ओटीत टाकायचा, असा आमचा रिवाज. माझी ओटी कायम टम्म असायची. त्या वर्षी भाव पडलेला, निम्मी बोंडं किडकी. पण हसण्याला काही अळी लागत नाही.

दिवाळीनंतर मात्र सगळं बंद झालं. कौसल्याचा नवरा पोळ्याला साप चावून गेला होता, आणि ती केळापूरहून माहेरी परतून आमच्यात वेचायला येऊ लागली. तिच्यासमोर दात कसे काढायचे? ती जवळ आली, की साऱ्यांच्या तोंडाला कुलूप. माझं तर न बोलून पोट फुगलं होतं.

एके दुपारी तानाबाईला राहवेना. "कांते, सांग ना वं एखादा. कौसल्या तिकडं दूर आहे."

मग काय! "मामाचा पिक्चर पाह्यला नसंन तर जल्म फुकट गेला समज," मी हळूच सुरुवात केली. "त्या मामाले पाहुने टाळाचे असतेत, म्हनून तो..." इथं मलाच हसू फुटलं. ही माझी खोडच आहे. गंमत यायच्या आधीच मी लोळते. "तो मेल्याचं सोंग घेते! चादरीखाली पडते. बायको रडते, पाहुने रडतेत, अन् मामाच्या नाकावर बसते माशी!"

आवाज कधी चढला, कळलंच नाही. तानाबाईनं चिमटा काढला. पाहते तर कौसल्या ताठ उभी, माझ्याकडेच बघत. एवढे पिक्चर पाहिलेले, आणि मला नेमका मेलेलाच सापडावा! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माशी नाही," कौसल्या म्हणाली. "मुंगी. अन् नाकावर नाही, नाकात."

पुढचंही तीच सांगू लागली.

"मामा बायकोले हळूच म्हनते, रडनं मंग कर, आधी मुंगी काढ."

"तुले कसं ठाऊक वं?" मी विचारलं.

"पांढरकवड्याले तंबूत पाह्यला ना. आमचे घरधनी हसता हसता खुर्चीसकट मांग पडलते, एका बुड्याच्या मांडीवर. तो बुडा म्हने, मामा तिकडं मेला, तू कायले माह्यावर मरतं?"

तानाबाईनं पदर तोंडात कोंबला, पण नाकातून आवाज निघालाच. मग कोण कोणाला आवरणार! आम्ही तासातच बसलो. कौसल्या हसत होती, रडत होती, पुन्हा हसत होती.

"माह्याजवळ आल्या का साऱ्या चूप होता," ती डोळे पुसत म्हणाली. "घरी बी तसंच. मले वाटे, मीच मेली का काय."

मी माझ्या ओटीतला मूठभर कापूस काढून तिच्या ओटीत टाकला. तानाबाईनं टाकला, मग साऱ्याजणींनी.

"थांबा ना वं, अजून तं इंटरवल बी नाही झाला," कौसल्या म्हणाली. "अन् कांते, तू मधात हसू नको."