दोरा बांधलेली कोहळी

भगवंतानं ओलं फडकं सोडलं आणि कोहळ्याची फुलं टेबलावर मांडली. काल संध्याकाळी खुडलेल्या त्या कळ्या रातभर फडक्यात राहून आता हळूहळू उमलत होत्या.

“काय बे माळ्या,” भिंतीशी बसलेला नत्थुजी म्हणाला. तोही मास्तरकीच शिकत होता. “पाठ द्याले आला का बजार मांडाले?”

समोर बसलेली पोरं हसली. भगवंतही हसला. आज त्याला कुणाचाच राग येत नव्हता.

अकोल्याच्या मास्तर तयार करणाऱ्या शाळेतला त्याचा हा शेवटचा, परीक्षेचा पाठ. पास झाला की वरच्या वर्गांना झाडं, पाखरं, जनावरं शिकवणारा सृष्टिज्ञानाचा मास्तर. बार्शीटाकळीच्या ज्या घरातून तो आला होता, तिथं त्याच्याआधी कुणी पाटीवर अक्षर काढलं नव्हतं. पण त्याला सर्टिफिकीट नुसतं पोटासाठी नको होतं. त्याच्या बायकोचं, सुभद्राचं, घरातलं राहणं त्या फडक्यात बांधलेलं होतं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

तिकडे अमेरिकेतली लढाई थांबली, तिथला कापूस पुन्हा विलायतेला जाऊ लागला, तरी वऱ्हाडातली कापसाची हाव थांबली नव्हती. लोकांनी पार विहिरीच्या कडेपर्यंत कापूस पेरला. बांधावरचे निंब आणि बाभळी तोडून रेल्वेच्या कामाला विकल्या. झाडं गेली तशी त्यांच्यावरची मोहोळंही गेली. आणि भगवंताच्या मळ्यातली कोहळी सुपारीएवढी होऊन पिवळी पडायला लागली. रोज सकाळी वेलाखाली गळालेल्या कोहळ्यांचा सडा.

झाडं तोडणाऱ्यांना कुणी बोललं नाही. बोल लागला सुभद्राला. वांझ बाईनं फळत्या वेलाला हात लावू नये, असं मळेकऱ्यांत सगळे मानत. मोट धरायला तिचे हात चालत, निंदायला चालत, शेणाची पाटी उचलायला चालत. वेलाला तेवढे चालत नव्हते.

“हिचाच हात लागला,” भगवंताची आई गोदाबाई येईल त्याला सांगे. “सोताची कूस रिकामी, आता वेलाची खाऊन राहिली.” आणि लगेच जातीतल्या शेषरावांच्या मुलीचा, शकुनचा विषय काढी. शकुन उपवर होती. शेषरावांना तिला सवतीवर द्यायलाही अडचण नव्हती.

मनाई झाली तरी सुभद्रा पहाटे मळ्यात जात राहिली. काही फुलांच्या बुडाशी बारीक कोहळं असतं, काहींना नुसता देठ. देठाच्या फुलांना सगळे वांझ फुलं म्हणत आणि भाजीला खुडून नेत. विहिरीकडच्या कोपऱ्यात अजून थोड्या माश्या येत, पायांना पिवळी पूड माखून या फुलातून त्या फुलात जात. तिथली कोहळी टिकत होती. हे तिनं पाहिलं. मग तिनं देठाचं फूल खुडून कोहळ्याच्या फुलात फिरवलं आणि खूण म्हणून सुताचा दोरा बांधला. असे अकरा दोरे. अकरातली नऊ कोहळी धरली. बिनदोऱ्याचं, विहिरीपासून दूरचं, एकही नाही.

“आयका,” तिनं भगवंताला वेलाजवळ नेऊन सांगितलं होतं. “ज्याले वांझ म्हनतात ना, थो नर हाये. त्याची पूड भेटली नाई त हे गळते. हिचा कायी दोष नाई.” मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “म्या सांगतलं त तुमची माय चुलीतलं लाकूड हानन. तुमी सांगा. मास्तर होऊन सांगा. सायबानं पास केलेलं कोन खोटं म्हनन?”

“सांगतो. तुही शपत.”

कळ्या तिनंच निवडून फडक्यात बांधून दिल्या होत्या.

पाठ सुरू झाला. तपासायला आलेले रावसाहेब खुर्चीत बसले होते.

“या दोन फुलांत फरक काय?” भगवंतानं विचारलं.

पुढचा पोरगा म्हणाला, “ह्याच्या बुडाले कोहळं हाये, गुर्जी. अन् थे वांझ.”

“वांझ नाही. हा नर आहे. याची पूड मादीफुलात—”

“थांबा.” रावसाहेब उठून उभे राहिले. “नर, मादी? मुलांपुढे?”

“फुलांचंच सांगतोय, रावसाहेब.”

“तुम्हांला टिपण दिलं आहे ना? काय लिहिलं आहे त्यात? वाचा.”

भगवंतानं वाचलं. “कोहळ्यास दोन प्रकारची फुले येतात. फळ देणारी व वांझ.”

“मग हे नवं शास्त्र कुठून आणलंत? ग्रंथ कोणता?”

“ग्रंथ नाही.”

“मग कुणी सांगितलं?”

सुभद्राचं नाव जिभेवर आलं होतं. नत्थुजी तोंडावर धोतराचा सोगा धरून हसत होता. पोरं वाट बघत होती. माझ्या बायकोनं, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द.

“कुणी नाही,” भगवंत म्हणाला. “चूक झाली.”

“मग सुधारा.”

त्यानं सुधारली. देठाचं फूल उंच धरून म्हणाला, “हे वांझ फूल.” तीस पोरांकडून तीनदा म्हणवून घेतलं. वर्ग दणाणला. रावसाहेबांनी शेरा लिहिला, उत्तम. मास्तर असे तयार होतात. डोळ्यांनी पाहिलेलं गिळायचं आणि खोटं दुसऱ्यांच्या पोरांकडून घोकून घ्यायचं.

घरी पोचून त्यानं निकाल सांगितला न सांगितला तोच गोदाबाई आळीत गूळ वाटायला लागली. “माहा भगवंता पास झाला वं!”

सुभद्रानं पाण्याचा तांब्या पुढे केला. सासूसमोर ती कधी बोलत नसे. आज बोलली.

“काय शिकवलं पोट्ट्याईले?”

“फुलांचं.”

“फुलांचं काय?”

त्यानं अख्खा तांब्या रिकामा केला. “टिपनात होतं थे.”

तिनं तांब्या परत घेतला. “फुलं कामी आले ना?”

“आले.”

“बरं झालं,” म्हणाली आणि आत गेली.

“उद्या शेषरावकडे सांगावा धाडतो म्या,” गोदाबाई म्हणाली. “आता मास्तर झाला तू. कोन नाई म्हनन?”

भगवंतानं गुळाचा खडा तोंडात टाकला.

सकाळी त्याला उशिरा जाग आली. दोरीवर सुभद्राचं लुगडं नव्हतं. चूल थंड होती. तो तसाच मळ्यात धावला.

दोऱ्याची नऊ कोहळी पानांखाली शांत वाढत होती. पलीकडे नवी मादीफुलं आली होती. त्यानं देठाचं फूल खुडलं, पण ऊन वर आलं होतं आणि फुलं मिटली होती. बोटांनी पाकळ्या उघडायला गेला तर फाटल्या. तरी त्यानं एका मादीफुलात पूड चोळली, धोतराचा एक धागा उपसला आणि त्याच्या देठाला बांधला.

मागून गोदाबाईचा आवाज आला. “गेली बापाकडं. आता पाह्य, धरतीन कोहळे.”

आठ दिवसांनी त्या देठाशी दोरा होता. कोहळं खाली पडलं होतं.